पालखी उतरेपर्यंत

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे लिहिताना ती लपवायची सोय राहणार नाही. पाच वर्षांपूर्वी, ऑक्टोबरातल्या एका शनिवारी, श्रीपादकाकांची आई वारल्याची बातमी सकाळी सात वाजता माझ्या कानावर आली आणि ती मी त्यांना दुपारी चार वाजता सांगितली. मधले नऊ तास ती माझ्याजवळ होती. मी विसरलो नव्हतो. ते सापडले नाहीत असंही नव्हतं. त्यातले निम्म्याहून जास्त तास मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो.

या ऑगस्टमध्ये श्रीपादकाका गेले. त्यांच्या बायकोचा, एमिकोकाकूंचा, फोन आला तेव्हा मी अ‍ॅशबर्नमध्ये, अमेरिकेच्या पूर्व टोकाला, ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावत होतो. काकू कॅलिफोर्नियात जन्मलेल्या जपानी. सगळं इंग्रजीत बोलत, पण ‘काका’ हा शब्द मराठीतच. काका बागेत पडले, म्हणाल्या, शेवंतीच्या वाफ्यात, अँब्युलन्स येईपर्यंत संपलं होतं... फोन खिशात होता त्यांच्या, म्हणाल्या. घरातला बिनतारी फोन. मी गाडीत बसून राहिलो. माणूस गेल्याचं दुःख आधी व्हायला हवं ना? मला आधी आठवला तो फोन. पांढरा, जाडजूड, आणि पाठीवर हळदीच्या बोटांचा डाग असलेला.

श्रीपादकाका माझे नात्यानं कोणी नव्हते. ते मूळचे कुरुंदवाडचे, १९७०च्या आसपास शिकायला इकडे आले, यंत्रं डिझाइन करणाऱ्या एका कंपनीत निवृत्तीपर्यंत टिकले. २००२ साली क्युपर्टिनोत मला त्यांच्या घरातली मागची खोली भाड्यानं मिळाली. बायको-मुलगी पुण्यात होत्या. दुसऱ्याच वर्षी प्रोजेक्ट बंद पडलं आणि कन्सल्टन्सीनं मला बेंचवर बसवलं, म्हणजे नवं काम मिळेपर्यंत बिनकामाचा. पस्तिशी ओलांडलेला माणूस दिवसभर दुसऱ्याच्या घरात लॅपटॉप उघडून बसतो, दर अर्ध्या तासानं ई-मेल बघतो, मग उठून भांडी घासतो, म्हणजे काहीतरी केल्यासारखं वाटतं. काका हे बघत असायचे. सल्ला कधी दिला नाही. “मोहनराव, ती भांडी मी सकाळीच घासलीयत. तुम्ही तिसऱ्यांदा घासताय,” एवढंच म्हणायचे आणि मला बागेत न्यायचे.

काकूंच्या वडिलांची शेवंतीची नर्सरी होती, शहराच्या दक्षिणेला, गाडीनं वीसेक मिनिटांवर. तिथल्या जपानी शेतकऱ्यांनी नर्सरीच्या मागच्या कोपऱ्यात एक लहानसं लाकडी देऊळ बांधलं होतं. समोर दोन खांब आणि वर दोन आडव्या तुळया असं तांबडं दार. भिंत नाही, कवाडं नाहीत, नुसतंच दार. त्याला तोरी म्हणतात. दर शरदात, कापणी झाली की तिथल्या देवाची पालखी निघायची. काळ्या लाखेची, वर सोनेरी पक्षी, चारी कोपऱ्यांना घंटा, आणि खाली लांब जाड दांडे. ती संथ न्यायची नसते. हिंदकळवत, नाचवत न्यायची, म्हणजे देवाला मजा येते. जुने शेतकरी गेले, त्यांची मुलं न्यूयॉर्कला गेली, आणि खांदे कमी पडायला लागले. तेव्हा जावई, शेजारी, नर्सरीतले मेक्सिकन माळी असे सगळे त्यात आले. श्रीपादकाका त्यातलेच, वीस वर्षांपासूनचे.

पण काका सहा फुटांचे. दांड्याखाली सगळे खांदे एका पातळीत लागतात, नाहीतर उंच माणसाच्या खांद्यावर सगळं ओझं येतं आणि बुटक्याचा खांदा दांड्याला लागतच नाही. म्हणून काका वीस वर्षं गुडघे वाकवून चालत होते, सकाळी दहापासून साडेतीनपर्यंत. उजव्या खांद्यावर त्यांच्या लिंबाएवढी गाठ आली होती. त्यावर कुरुंदवाडहून आईनं पाठवलेला पंचा चौघडी करून ठेवायचे. आई दर वर्षी एक पंचा पाठवायची. “तिला वाटतं मी इकडे रोज नदीवर जातो,” असं हसून म्हणायचे. शिवाय त्या उत्सवात, पालखीच्या आधी आणि नंतर, त्यांची बटाटेवड्यांची टपरी असायची. जपानी म्हाताऱ्या भाताचे गोळे सोडून वड्याच्या रांगेत उभ्या राहायच्या, आणि काका त्यांना हिरवी मिरची चावायला लावून त्यांची मजा बघायचे.

२००३च्या उत्सवाच्या महिनाभर आधी एक तरुण कमी पडला. काकांनी माझं नाव सुचवलं. माझी उंची बेताची, पण त्यांच्या मागच्या जागेला कोणीतरी हवं होतं. मला निळा सुती कोट मिळाला, पाठीवर मोठं पांढरं अक्षर असलेला. तो मी खोलीतल्या दाराला टांगून ठेवला होता आणि येता-जाता बघायचो. हे मुद्दाम सांगतोय. कारण पुढे मी स्वतःला जे कारण सांगत आलो, ते हे नव्हतं.

त्या सकाळी काका-काकू सहालाच तयारीला गेले. मी वड्यांचं सारण करून आठला निघायचं ठरलं होतं. मी बटाटे कुस्करत होतो, हात कोपरापर्यंत पिवळे, आणि फोन वाजला. कुरुंदवाडहून सुधाकरकाका, श्रीपादकाकांचे धाकटे भाऊ. मी त्यांना आवाजानं ओळखत होतो. ते रडत नव्हते, फार हळू बोलत होते. आई तासाभरापूर्वी गेली. तिकडे संध्याकाळचे साडेसात झाले होते. “दादाला विचार, थांबू का? तो येणार असेल तर बर्फ आणतो, ठेवतो. इथं सगळे म्हणतायत आज दहापर्यंत न्यायचं. दादा म्हणेल तसं. पण त्याला लगेच फोन करायला सांग.” मी ‘हो’ म्हणालो. दोनदा म्हणालो.

सुधाकरकाका का विचारत होते तेही मला ठाऊक होतं. वडील गेले तेव्हा श्रीपादकाका चौथ्या दिवशी पोहोचले होते, आणि आईला म्हणाले होते, तुझ्या वेळी मी असेन. बागेत तण उपटता उपटता त्यांनी हे मला सांगितलं होतं.

त्या उत्सवाचा एक नियम होता आणि तो पहिल्याच दिवशी पुजाऱ्यांनी मला समजावला होता. ज्याच्या घरात मृत्यू झालाय त्यानं वर्षभर तोरीखालून आत यायचं नाही, पालखीला हात लावायचा नाही. मला ते समजायला वेळ लागला नाही. आमचं सुतकच, फक्त लांब. आणि सुतकाबाबत आमच्या घरात एक सोय होती. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात, सीमांतपूजनाच्या संध्याकाळी, वडिलांचे चुलते गेल्याची तार आली. वडिलांनी ती कोटाच्या खिशात घातली आणि वरात निघेपर्यंत हूं की चूं केलं नाही. कानावर आल्याशिवाय सुतक लागत नाही. मांडवातल्या लोकांनी नंतर वर्षानुवर्षं त्यांच्या शहाणपणाचं कौतुक केलं. मी ते ऐकत मोठा झालो. सारणाचा डबा गाडीत ठेवताना ती तार माझ्या डोळ्यांसमोर होती. त्या वीस मिनिटांच्या ड्राइव्हमध्ये मी सगळा हिशोब मांडला. काका काही केलं तरी दीड-दोन दिवसांशिवाय पोहोचणार नाहीत. एवढं कोण थांबवतं? मग उगाच आजचा दिवस का मोडायचा? वर्षभर वाट बघितलीय त्यांनी...

हे सगळं खोटं होतं. म्हणजे तारेची गोष्ट खरी, पण माझं कारण ते नव्हतं. काका बाहेर पडले असते तर मीही पडलो असतो. मी त्यांच्यामुळे तिथं होतो. सहा महिन्यांत पहिल्यांदा कुणी मला रांगेत उभं केलं होतं, जागा नेमून दिली होती, ही तुझी, म्हणून. ती मला सोडवत नव्हती. एवढंच. एवढ्यासाठी मी एका माणसाच्या आईची बातमी नऊ तास गिळून बसलो.

पोहोचलो तेव्हा साडेआठ झाले होते. काका लाकडी पळीनं हात धूत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, “आलात? सारणात मीठ घातलंय ना? गेल्या वर्षी विसरलो होतो मी.” मी हो म्हणालो. ते तेव्हा सांगता आलं असतं. साडेनऊला, म्हणजे तिकडे दहाला, पुजारी पांढऱ्या कागदांच्या झुबक्याची काठी आमच्या डोक्यांवरून फिरवत होते; तो कागदांचा सळसळ आवाज ऐकत मी घड्याळाकडे बघत होतो. मग पालखी उचलली. वजन असं असतं की पहिल्या दहा पावलांत विचार थांबतात असं काका म्हणायचे. माझे थांबले नाहीत. “वाश्शोई, वाश्शोई” असा ठेका धरत आम्ही काचघरांच्या मधून, रस्त्यावरून, शाळेच्या मैदानात गेलो, आणि पूर्ण वेळ माझ्या नजरेसमोर काकांचा खांदा होता, त्यावरचा तो पांढरा पंचा, आणि खाली वाकलेले गुडघे. मधल्या सुट्टीत ते माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “मोहनराव, पाय जुळले तुमचे.” तेवढ्या वेळात तिकडे त्यांच्या आईला चौघांनी नेलं होतं.

चारला, पालखी उतरल्यावर, मी त्यांना टपरीमागे गाठलं. मी म्हणालो, मी आत्ताच मोबाइलवरून घरच्या आन्सरिंग मशीनचे मेसेज ऐकले, सुधाकरकाकांचा मेसेज आहे. नऊ तासांत मी हे एक वाक्य तयार करून ठेवलं होतं.  काकांनी कोट काढला, घडी घातली, आणि आधी तोरीबाहेर चालत गेले. मग तिथून माझ्याकडे हात केला, फोनसाठी. मी कॉलिंग कार्डचा नंबर लावून दिला. तिकडे पहाट असणार. पण पहिल्याच रिंगला उचलला गेला. मला एकच बाजू ऐकू येत होती. “कधी?” मग मान खाली घालून ऐकत राहिले. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. आपल्याला माहीत असलेला माणूस हाच ना, असं बघतात तसं. आणि फोनमध्ये म्हणाले, “हो. उत्सवात होतो मी.”

तेवढं बोलून ते पुजाऱ्यांकडे गेले, बाहेरूनच, आणि वाकून सांगितलं की माझ्या घरात मृत्यू झालेला असताना मी पालखीला खांदा दिला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पुन्हा बोलावून पालखीची शुद्धी झाली. मी रांगेत मान खाली घालून उभा होतो. तेव्हाही बोललो नाही.

त्यांच्या त्या नजरेवर मी पाच वर्षं वाद घातलाय, स्वतःशीच. कधी म्हणायचो त्यात काही नव्हतं, माणूस दुःखात कुठंही बघतो. कधी म्हणायचो सगळं कळलं होतं. घरात एक बदल मात्र झाला. काकांनी फोन स्वतःजवळ ठेवायला सुरुवात केली. बिनतारी हँडसेट बागेत नेताना एप्रनच्या खिशात, जेवताना ताटाशेजारी. वाजला की आधी तेच उचलायचे. मी कधी जवळ असलो तरी हात पुढे करत नव्हतो. त्या फोनच्या पाठीवर माझ्या त्या सकाळच्या बोटांचा पिवळा डाग पडला होता. पांढऱ्या प्लॅस्टिकमधून हळद जात नाही. मी एकदा गुपचूप साबणानं घासून बघितलं. फिकट झालं, गेलं नाही.

पुढच्या वर्षी मी अ‍ॅशबर्नला नोकरीवर रुजू झालो, बायको-मुलगी आल्या. पण दर ऑक्टोबरला मी उत्सवाला जात राहिलो. काकांनी त्यानंतर कधीच खांदा दिला नाही. वर्ष सरल्यावर पुजारी स्वतः या म्हणाले. काका म्हणाले, गुडघे गेले आता. टपरी मात्र त्यांनी तोरीच्या आतून बाहेर हलवली आणि तिथं वडे तळत उभे राहायचे, खिशात फोन... तिथं तो वाजणं शक्यच नव्हतं. वीस मिनिटं दूर आला होता तो घरापासून. तरीही असायचा. मी आत दांड्याखाली, त्यांच्या जुन्या जागेवर. आम्ही समोरून गेलो की ते झाऱ्या वर करून ओरडायचे, “गुडघे वाकवा, मोहनराव!” माझी उंची बेताची, मला वाकवायची गरजच नव्हती. सगळे हसायचे. मीही हसायचो. आणखी एक गोष्ट मला उशिरा लक्षात आली. कुरुंदवाडहून पंचा येणं बंद झालं होतं. आई नाही म्हणून, असं मी धरून चाललो.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या तपासण्या झाल्या, तेव्हा मी मुद्दाम आठवडाभर गेलो होतो. हॉस्पिटलमधून परत येताना मी गाडी चालवत होतो. म्हटलं, काका, त्या वर्षीच्या उत्सवाच्या दिवशी... त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. उजवीकडचा एक्झिट घ्या, म्हणाले, तिकडे ट्रॅफिक कमी असतो. मी एक्झिट घेतला. मला बरं वाटलं, हे कबूल करतो. त्यांनीच विषय टाळला असं आता मला म्हणता येणार होतं.

या ऑक्टोबरात मी गेलो ते जावं की नाही या घोळात तिकीट दोनदा बदलून. काकू मृत्यू झालेल्या घरातल्या, त्यामुळे त्या तोरीबाहेर घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या, काकांची टपरी असायची बरोबर त्या जागी. मला म्हणाल्या, तू आत जा, तुला कुठलं बंधन नाही, तुझी जागा धरून ठेवलीय. मी शेजारची खुर्ची उघडली. आत पालखी उचलली गेली, घंटा वाजायला लागल्या. आम्ही दोघं बाहेर. मला एका जागी बसवत नव्हतं. उठत होतो, बसत होतो. शेवटी काकू म्हणाल्या, “मोहन, बस. त्याला माहीत होतं.”

मी बसलो.

काकू पालखीकडे बघत बोलत होत्या. त्या संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी फोन उचलला तर पाठीवर हळद. मशीनवर एकही मेसेज नव्हता. त्यांनी काकांना दाखवलं, तेव्हा ते म्हणाले, सुधाकरनं सांगितलंय मला, सकाळी सातलाच त्यानं मोहनला निरोप दिला होता. “मी म्हटलं, मग भावाला खरं काय ते सांग. तर म्हणाला, सांगतो, मोहनला आधी नोकरी लागू दे. आत्ता त्याच्या पायाखाली काही नाहीये.” पण तोवर सुधाकरकाकांनी फोनवर त्यांना म्हटलं होतं की तुला आईपेक्षा त्या जपान्यांचा देव मोठा झाला. काका त्यावर चिडले. माझ्या भावाला माझ्याबद्दल असं वाटूच कसं शकतं, हे धरून बसले. मग नोकरी लागली मला, पण तोवर सुधाकरकाका त्यांचा फोन उचलेनासे झाले होते. आणि काकांनी पत्र लिहिलं नाही. “हट्टी होता,” काकू म्हणाल्या. “दोघंही. तुला वाचवलं असं समजू नकोस. रागातच बसून राहिला तो. पण फोन मात्र खिशात ठेवायचा. भाऊ आपणहून करील, तेव्हा पहिल्या रिंगला उचलायचा होता त्याला.”

पाच वर्षं मला वाटत होतं, तो फोन माझ्यावरच्या अविश्वासानं त्यांच्या खिशात आहे. मी ते स्वतःवर ओढून घेतलं होतं, त्यातही स्वतःलाच मधोमध ठेवलं होतं. एक माणूस भावाची वाट बघत होता. आणि ती वाट ज्याच्यामुळे बघावी लागत होती, तो दर ऑक्टोबरला येऊन त्याचे वडे खात होता.

पालखी उतरायच्या आतच आम्ही निघालो. घरी स्वयंपाकघरात तो हँडसेट त्याच्या बैठकीवर ठेवलेला होता, डाग भिंतीकडे. मी हात धुतले, का कुणास ठाऊक. तिकडे उजाडावं म्हणून सहापर्यंत थांबलो. कुरुंदवाडला साडेसहा, सकाळचे. काका गेल्याचं काकूंनी सुधाकरकाकांना ऑगस्टमध्येच कळवलं होतं. त्यांनी वहीतून नंबर काढून समोर ठेवला आणि स्वतः बागेकडच्या दारात जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. फोन चार वेळा वाजला.

“कोण?” तोच हळू आवाज.

मी नाव सांगितलं. दादांच्या घरात राहायचो तो, म्हटलं.  ते फोन ठेवतील म्हणून मी घाईघाईनं सगळं सांगत गेलो. बटाटे, कोट, रांग, मशीनचं खोटं, काही न वगळता. तार मात्र वगळली, वडिलांची. ती मध्ये आणली असती तर ते पुन्हा कारण झालं असतं. तिकडे पाठीमागे कुणीतरी पाण्याची मोटर लावली होती, तिचा आवाज येत होता.

मग त्यांनी एवढंच विचारलं, “दादाला कधी सांगितलंस तू? नक्की किती वाजता?”

“चार वाजता. तुमच्याकडे तेव्हा पहाटेचे साडेचार. त्यांनी तुम्हाला फोन केला तो लगेच, दोन मिनिटांत. सुधाकरकाका, दादांनी तुम्हाला थांबवून ठेवलं नव्हतं. तुम्ही वाट बघताय हे त्यांना माहीतच नव्हतं. ते मला माहीत होतं. मी सांगितलं नाही, आणि नंतर पाच वर्षं, ते जिवंत असताना, तुम्हालाही सांगितलं नाही. माझं चुकलं. मला क्षमा करा.”